सकाळी एक, संध्याकाळी एक

मास्तर : तीन म्हणायचं. सकाळी, दुपारी आणि रात्री. लक्षात राहील ना?

काजकाका : राहील. पण मास्तर, तुम्ही घ्यायचात दोन. तीस वर्षं तुमच्यासमोर बसून काजं करतोय मी. तुम्ही काय खाता, काय पिता, कधी शिंकता, सगळं मला पाठ आहे. दुकान उघडलं की एक आणि बंद करताना एक.

मास्तर : ते मला माहिती आहे. ठकूनं विचारलं तर तू तीन सांगायचंस, एवढंच.

काजकाका : पण का? एका गोळीनं कुणाचं काय बिघडणार आहे?

मास्तर : आधी ते दार लोटून घे. गिऱ्हाईक आलं तर म्हणावं, चारनंतर या. ... काल त्या नसांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो ना, ठकूबरोबर? ती रिपोर्ट आणायला खाली गेली. तेवढ्यात डॉक्टरांनी मला विचारलं, आजोबा, झिंकच्या गोळ्या वगैरे घेता का? म्हटलं, घेतो की. मुलगी देते. किती दिवस झाले? म्हटलं, अडीच वर्षं. रोज किती? म्हटलं, दोन. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

काजकाका : पेन खाली ठेवलं म्हणजे?

मास्तर : म्हणजे ठेवलं. आणि मग समजावून सांगितलं. झिंक पोटात फार गेलं, फार दिवस गेलं, की ते अंगातल्या तांब्याला जागाच देत नाही. आणि तांबं उतरलं की नसा जातात. आधी पायांच्या. माझे पाय म्हातारपणानं बधिर झाले नाहीत. संधिवातानंही नाही.

काजकाका : झिंक म्हणजे आपलं जस्तच ना? बादलीला चढवतात ते?

मास्तर : तेच.

काजकाका : बघा! मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, माणसाला कशाला जस्त चढवायचं? तुम्ही दोघं बाप-लेक हसलात मला.

मास्तर : हसलो. चूक झाली. आता ऐकशील? ठकू थोड्या वेळात येईल. डॉक्टरांनी काल तिलाही बाहेर नेऊन सांगितलंय बहुतेक. मला घरी सोडलं, पांघरूण घातलं, भर दुपारी पांघरूण, आणि म्हणाली, उद्या येते. माझ्याकडे बघितलं नाही.

काजकाका : पोरीला लागलं असणार.

मास्तर : लागलं असणार काय! तिच्या आईच्या वेळेचं आठवतंय ना तुला? आईचं रक्त हिच्याच लॅबमध्ये गेलं. रिपोर्ट शनिवारी टेबलावर येऊन पडला, हिची सुट्टी. हिनं सोमवारी पाहिला. दोन दिवसांनी काही फरक पडला नसता, असं दहा डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं. पटलं का तिला? आई जाऊन चार वर्षं झाली, अजून शनिवारी सुट्टी घेत नाही ती. आता हे दुसरं तिच्या डोक्यावर आलं, तर पोर उभी राहायची नाही रे.

काजकाका : म्हणून तीन.

मास्तर : म्हणून तीन. दोन तिनं सांगितल्या. तिसरी मी माझ्या मनानं घ्यायचो. म्हणजे जे झालं ते माझ्या आगाऊपणानं झालं. गोष्ट संपली.

काजकाका : मास्तर, मला नाही जमत हो खोटं बोलायला. बोबडी वळते.

मास्तर : गेली तीस वर्षं गिऱ्हाइकांना "उद्या नक्की देतो" म्हणून सांगतोस ते?

काजकाका : ते वेगळं. ते दोघांनाही माहिती असतं.

मास्तर : आली बघ. तिच्या स्कूटरचा आवाज. ती सुई उचल, काज करायला घे, आणि बोलू नकोस. विचारलं तरच बोल.

ठकू : बाबा, दार का लोटलंय?

मास्तर : ऊन येत होतं. ये. बस. जेवलीस?

ठकू : नाही.

काजकाका : माझ्या डब्यात आहे थोडं, बघ. आज तुझ्या काकूनं तिखट जरा कमी घातलंय, म्हणजे भांडण मिटलेलं दिसतंय.

ठकू : नको काका. तुम्ही उठू नका. बसा. तुम्हीपण ऐका, कारण तुम्हालापण मी दोन वर्षं सांगत होते की मास्तरांनी गोळी घेतली का बघत जा म्हणून. ... बाबा, तांब्याचा रिपोर्ट आला.

मास्तर : बरं.

ठकू : खूप कमी आहे. इतकं कमी, की लॅबमधल्या मुलीनं मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावून बघितलं. तेवढंच आलं. रक्तही कमी झालंय तुमचं. पांढऱ्या पेशीही. तुम्ही दम लागतो म्हणायचात ना जिन्यावर, ते त्यानं. आणि पाय...

मास्तर : शांतपणे सांग.

ठकू : मी शांतच आहे. पाय तुमचे वयानं नाही गेले बाबा. मी दिलेल्या गोळ्यांनी गेले.

मास्तर : असं काही नाही.

ठकू : असंच आहे. मला बोलू द्या. रात्रभर जुळवलंय मी ते, मध्ये तोडू नका. आमचा तो अभ्यास झाला होता ना, संधिवाताच्या पेशंटवर? साडेतीनशे माणसं. निम्म्यांना झिंक, निम्म्यांना नुसती साखर. कुणाला काय मिळतंय ते आम्हालाही माहिती नव्हतं. संपल्यावर कुणाला काय दिलं त्याची पाकिटं उघडली आणि झिंकवाल्यांची सूज उतरलेली निघाली. आतला गंजही कमी.

काजकाका : गंज म्हणजे ते तू सुई दाखवून सांगितलं होतंस, तेच ना? सुई दमट हवेत राहिली की चढतो, तसा माणसाच्या आतही चढतो म्हणून?

ठकू : हो काका, तेच. शरीर रोज स्वतःला थोडं थोडं जाळत असतं, त्याची काजळी. ती कमी झाली होती. अभ्यास घेणारे आमचे सर नाचायचे बाकी होते. आणि मी इथे आले तर बाबांची बोटं अशी, वांग्यासारखी. कात्री धरवत नव्हती. म्हटलं, साडेतीनशे परक्या माणसांना दिलं, मग माझ्या बापाला का नको?

मास्तर : आणि बोटं सुधारली. हे बघ. मूठ वळते. गेल्या महिन्यात कोट शिवला मी, अस्तरासकट.

ठकू : अभ्यासात गोळी एक होती, बाबा.

मास्तर : हं.

ठकू : आणि तीन महिने. मी तुम्हाला तीन महिने एक दिली. सूज उतरली. मग म्हटलं, अजून उतरेल. दोन केल्या. आणि तीन महिन्यांच्या पुढे काय होतं ते कुणी मोजलंच नव्हतं, कारण अभ्यासच तीन महिन्यांचा होता. मी दर महिन्याला येऊन तुमचं रक्त काढायचे. काय बघायचे? सीआरपी, म्हणजे सूज. आणि गंजाची ती एक तपासणी. का? तर अभ्यासात तेवढंच बघितलं होतं. तेच रक्त, तीच नळी, तोच थेंब. शेजारच्या मशीनवर ठेवला असता तर हिमोग्लोबिन घसरतंय ते वर्षापूर्वी दिसलं असतं. शेजारच्या मशीनवर, बाबा. माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर.

मास्तर : झालं तुझं सांगून?

ठकू : झालं.

मास्तर : मग आता माझं ऐक. मी काल तुला सांगणारच होतो, पण डॉक्टरांसमोर लाज वाटली. मी दोन नाही घ्यायचो. तीन घ्यायचो.

ठकू : काय?

मास्तर : बोटं सुधारायला लागली तसा मला लोभ सुटला. म्हटलं, साध्या शिलाईनं एवढं धरलंय, तर दुहेरी मारून टाकू. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस. म्हणून मीच आणायचो तिसरी. तेव्हा तुझा हिशेब बरोबर होता. बिघडवलं ते मी.

काजकाका : तीन! तीनच घ्यायचे. सकाळी, दुपारी आणि रात्री.

ठकू : काका, तुम्हाला अजून कुणी विचारलं नाही.

काजकाका : नाही, म्हणजे... विचारलंस तर.

ठकू : दुपारची कधी घ्यायचे?

काजकाका : दुपारी.

मास्तर : अगं, त्याला काय विचारतेस, मला विचार. जेवणानंतर.

ठकू : कधीपासून?

मास्तर : झालं असेल की वर्ष. दीड वर्ष.

ठकू : कुठून आणायचात?

मास्तर : औषधांच्या दुकानातून. दुसरीकडून कुठून आणणार?

ठकू : बाटली की पट्टी?

मास्तर : बाटली. तुझ्यासारखीच.

ठकू : दाखवा.

मास्तर : फेकल्या रिकाम्या झाल्यावर.

ठकू : बाबा, माझं कामच ते होतं. साडेतीनशे माणसांच्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. दर पंधरा दिवसांनी बाटली घेऊन यायचे लोक, आणि मी ताटलीत ओतून मोजायचे. कोण किती खोटं बोलतं ते मला त्यांच्या चपला वाजल्या की कळायचं. एकजण दारातच उरलेल्या गोळ्या नळाखाली सोडून यायचा आणि रिकामी बाटली अशी अभिमानानं पुढे करायचा. एका आजींनी सगळ्या कुंडीत पुरल्या होत्या. मला म्हणाल्या, बाई, मोगरा काय फुललाय म्हणून सांगू!

काजकाका : बघा, म्हणजे मोगऱ्याला चालतं जस्त.

ठकू : आणि तुम्ही म्हणता, बाटल्या फेकल्या. बाबा, तुम्ही रीळ संपल्यावर त्याचा लाकडी तुकडाही फेकत नाही. त्या फळीवर बघा. माझ्या बाटल्या आहेत त्या. एकीत शर्टाची बटणं, एकीत कोटाची, एकीत हुक, एकीत प्रेसबटणं, आणि त्या टोकाच्या तिन्हींत काय आहे ते तुम्हालाही माहिती नसेल. काल रात्री घरी बसून आठवून मोजलं, आणि आता आत आल्याबरोबर मोजल्या. एकोणतीस. पहिल्या तीन महिन्यांच्या दोन, आणि नंतर महिन्याला एक. बरोबर एकोणतीसच व्हायला पाहिजेत. तुमची तिसरी गोळी यातल्या कुठल्या बाटलीतून यायची? आणि दर महिन्याला तुम्ही आत चहा ठेवायला गेलात की मी उरलेल्या मोजायचे. सवय हो, दुसरं काही नाही. एक कमी नसायची, एक जास्त नसायची. साडेतीनशे माणसांत एकही तुमच्यासारखा नव्हता. तुम्ही मी सांगितलं तसंच घेतलंत. अगदी तसंच. म्हणून तर...

मास्तर : रडू नकोस.

ठकू : रडत नाहीये. तुम्ही जरा चुकला असतात, कधी विसरला असतात, महिन्यातून दहा दिवस कंटाळा केला असतात, तर आज नीट चालत असतात.

मास्तर : तू दिलेली गोळी मी कशी विसरेन?

काजकाका : मला नाही जमत, मास्तर. माफ करा. ठकू, ते तीनचं सगळं खोटं आहे. मला मघापासून पढवतायत. दोनच घ्यायचे. पण तुझ्या बापाचं एक खरं पण आहे, तेही तू ऐक. नाहीतर सगळं तुझ्याच अंगावर घेऊन बसशील.

मास्तर : काज कर तू.

काजकाका : नाही करत. टाचणीचं सांगतो.

मास्तर : अरे, गप बस म्हटलं ना!

ठकू : कुठली टाचणी?

काजकाका : शाळेचे गणवेश चालू होते तेव्हा. खाली बघितलं तर पांढऱ्या कापडावर लाल ठिपके. म्हटलं, मास्तर, कापड खराब झालं. ते म्हणाले, कशानं? बघतो तर यांच्या टाचेत टाचणी. अख्खी, मुंडीपर्यंत. आणि हे त्याच पायानं पायडल मारतायत. गाणं गुणगुणत. मी उपटली ती टाचणी, तरी यांना पत्ता नाही. नंतर एकदा दुकानात आले ते एकाच पायात चप्पल. दुसरी चौकात राहिली होती. मी जाऊन आणली.

ठकू : गणवेश कधी?

काजकाका : शाळा सुरू व्हायच्या आधी.

ठकू : म्हणजे सात महिने. सात महिने! बाबा?

मास्तर : जास्तच असेल. मुंग्या त्याच्याही आधीपासून यायच्या.

ठकू : आणि मी दर महिन्याला विचारायचे. बाबा, काही त्रास? तुम्ही म्हणायचात, काही नाही, झकास. याच खुर्चीत बसून म्हणायचात. झकास!

मास्तर : बोटं झकासच होती.

ठकू : काल डॉक्टर मला काय म्हणाले माहितीये? सुरुवातीला धरलं असतं तर बरंचसं परत आलं असतं. आता जे राहिलंय ते राहील. गेलंय त्याचं काही सांगता येत नाही. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला. मुंग्या येतात. दोन शब्द! मला नसतं सांगायचं तर काकांना सांगायचं होतं, त्या समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगायचं होतं, कुणीतरी मला सांगितलं असतं! आणि काका, तुम्ही? टाचणी उपटता आणि घरी जाता?

काजकाका : शपथ घातली होती गं त्यांनी. मी मूर्ख. मला मार तू दोन.

मास्तर : त्याला बोलू नकोस. मला बोल.

ठकू : तुम्हालाच बोलतेय! का नाही सांगितलंत?

मास्तर : सांगणार होतो. टाचणीनंतर ठरवलंच होतं. तू गुरुवारी आलीस. मी मशीन थांबवलं, चष्मा काढून ठेवला, आता सांगतो म्हटलं. तेवढ्यात तू त्या कापायच्या टेबलावर चढून बसलीस. लहानपणी बसायचीस ना, पाय हलवत, तशी. आणि म्हणालीस, बाबा, सूज बारावरून तीनवर आली! आणि हसलीस. आई गेल्यावर तू या दुकानात मोठ्यानं हसली नव्हतीस, ठकू. एकदाही नाही. मी तीन वर्षं त्या हसण्याची वाट बघत होतो. मग मी काय म्हणणार होतो? अगं, ते राहू दे, माझ्या पायाचं बघ?

ठकू : हो! हेच म्हणायचं होतं.

मास्तर : नाही म्हणवलं. मग पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. पुढच्या महिन्यात सूज दोनवर आली. मला काय कळतं त्या आकड्यातलं? मला एवढंच कळायचं की तो खाली आला की तुझा चेहरा वर येतो. पाय काय, म्हातारपणात जातातच. पाय देऊन ते मिळत असेल तर स्वस्तच आहे, असं वाटलं.

ठकू : मी आकड्याला हसत होते, बाबा. तुमच्याकडे बघितलंच नव्हतं मी. बघितलं असतं तर चप्पल दिसली असती.

मास्तर : मी दिसू दिलं नसतं. मी आधीच पाय मशीनखाली घालून बसायचो.

काजकाका : मी... मी चहा सांगून येतो. तिघांचा.

ठकू : काका.

काजकाका : काय गं?

ठकू : तुम्हाला नाही मारणार. पण यापुढे शपथ घालून घ्यायची नाही. कुणाचीच.

काजकाका : नाही घेणार. तुझी शप... नाही घेणार.

(काजकाका बाहेर जातात. समोरच्या दुकानात इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येतो.)

मास्तर : गोळ्या बंद करायच्या ना आता?

ठकू : आजपासून. आणि तांब्याच्या सुरू करायच्या. त्या डॉक्टरांनी लिहून दिल्यात, मी नाही. रक्त भरून येईल, त्याला दोन-तीन महिने लागतील. पाय अजून बिघडणार नाहीत.

मास्तर : सुधारतील का?

ठकू : थोडे कदाचित. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. कदाचितच.

मास्तर : आणि बोटं?

ठकू : सूज परत चढेल थोडी. सांध्यांच्या डॉक्टरांकडे नीट नेते तुम्हाला. जे औषध तेव्हाच सुरू करायला हवं होतं, ते आता करू.

मास्तर : पायडल मारता नाही येणार मग. पाय ठेवलाय की नाही तेच कळत नाही गं हल्ली. वाकून बघावं लागतं. टाका मध्येच लांब पडतो. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण मला दिसतो.

ठकू : मोटर बसवू.

मास्तर : तिलाही पायच लागतो. काका म्हणत होता, मी खाली बसून पायडल मारतो, तुम्ही वर कापड सरकवा. म्हटलं, वा, म्हणजे एका मशीनला दोन म्हातारे जुंपायचे.

ठकू : हसवू नका मला.

मास्तर : हस की.

ठकू : नाही येत. बाबा, मी राजीनामा लिहिलाय. पर्समध्ये आहे. मला त्या मशीनसमोर बसवत नाही. काल रात्री डोळे मिटले की ताटली दिसत होती. मी मोजतेय, मोजतेय, आणि बरोबर येतंय. प्रत्येक वेळी बरोबर येतंय.

मास्तर : देऊ नकोस तो.

ठकू : का देऊ नको? आधी आई, आता तुम्ही. तिसरं कुणी उरलंच नाही घरात.

मास्तर : मी उरलोय. इथेच आहे. माझं रक्त आता दर महिन्याला बघावं लागेल ना? मग ते तूच बघ. सगळ्या मशीनवर बघ. सगळं बघ. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी. तुझी सुई लागत नाही मला. त्या दुसऱ्या पोरानं काल काढलं तर हात काळानिळा झाला. हे बघ.

ठकू : त्यानं कापूस दाबून धरला नसेल. माझ्याकडे बघा बाबा. राग नाही आला? थोडासुद्धा?

मास्तर : आला ना.

ठकू : माझा?

मास्तर : तुझा आला. काल रात्री आला. भिंत धरून बाथरूमपर्यंत गेलो, अंधारात पाय सापडेना, मधेच खाली बसलो. तेव्हा आला. म्हटलं, एवढी शिकलेली पोर, हिला कळू नये? पाच-दहा मिनिटं होता राग. मग स्वतःचा यायला लागला, तो अजून आहे.

ठकू : बरं झालं सांगितलंत.

मास्तर : बरं झालं?

ठकू : हो. तुम्ही "काही नाही, झकास" म्हणाला असतात ना, तर मी उठून गेले असते. पाय द्या इकडे.

मास्तर : कशाला?

ठकू : कुठपर्यंत बधिर आहे ते मला लिहून ठेवायचंय. आज कुठपर्यंत, पुढच्या महिन्यात कुठपर्यंत. आता हेच मोजणार मी. द्या. मोजे काढते. ... बाबा, किती जखमा आहेत या!

मास्तर : दुखत नाहीत.

ठकू : माहितीये दुखत नाहीत. रोज रात्री पाय बघायचे, आरसा खाली धरून. आणि दुकानात बूट घालायचे. कळलं?

मास्तर : कळलं.

ठकू : डोळे मिटा. मी बोट लावत जाईन. लागलं की हो म्हणायचं, नाही लागलं की नाही. अंदाज करायचा नाही. मला बरं वाटावं म्हणून तर अजिबात नाही. ... आता?

मास्तर : हो. गुडघ्याखाली.

ठकू : आता?

मास्तर : हो. नडगीवर. जरा पुसट.

ठकू : आता?

मास्तर : ... नाही.

ठकू : आता?

मास्तर : नाही. ठकू, तुझा आवाज असा का येतोय?

ठकू : काही नाही. डोळे उघडू नका. आता?

मास्तर : हो.

ठकू : नक्की?

मास्तर : हो, हो. घोट्याला. हलकंसं.

ठकू : आणि आता?

मास्तर : अंगठ्याला. अगदी स्पष्ट लागलं. बघ, एका दिवसात फरक पडला की नाही!

ठकू : बाबा.

मास्तर : काय गं?

ठकू : घोट्याला, अंगठ्याला मी अजून हात लावलेलाच नाही.

मास्तर : ... मग लाव ना, बाळ.